सुट्टीतल्या वागण्याचा व्हिडिओ व्हायरल झाला म्हणून कंपनीने कामगाराला काढावं का?

तुमच्या गावच्या मुलाने कास पठारावर कुंपण ओलांडून फुलांत फोटो काढले, हटकणाऱ्या रखवालदाराला शिव्या दिल्या, आणि टी-शर्टवरचं नाव वाचून लोक आता कंपनीच्या मागे लागलेत, 'याला हाकला' म्हणून. कंपनीने हाकलावं का, हा तुमचा प्रश्न.

माझ्या मते नाही. मुलगा चुकलाच. पण त्यासाठी वनखातं आहे, पोलीस आहेत. कंपनी पगार देते तो कामाचा, रविवारच्या अकलेचा नव्हे.

मी कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या पर्सोनेल खात्यात आहे. अशा वेळी मी एकच बघतो: माणूस जे काम करतो, त्या कामाबद्दल हा व्हिडिओ काही सांगतो का? स्कूलबसचा ड्रायव्हर सुट्टीत झिंगून गाडी चालवताना दिसला, तर सोमवारी मुलं त्याच्या हवाली कशी करायची? सुपरवायझर जातीवरून बोलताना दिसला, तर हाताखालच्या पोरांचा ओव्हरटाइम त्याच्याच हातात असतो. तिथं कंपनीने लक्ष घातलंच पाहिजे. लेथ मशीनवरचा मुलगा कासला गाढवपणा करून आला तर त्याच्या हातचा जॉब, म्हणजे घडवायचा भाग, बिघडत नाही. राहिली कंपनीची बदनामी. आमचा पुण्याचा ग्राहक कास्टिंगमधले ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली हवेची भोकं, मोजतो, कुणाचे रील नाही.

कायदाही साधारण याच बाजूचा आहे. कंपनीच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांसाठीच्या लेखी नियमांत, गैरवर्तन म्हणून जे लिहिलंय, त्यावरच कारवाई होते. कारखान्याच्या आवारातल्या किंवा लगतच्या वर्तनाबद्दलचं कलम मालकाला वाटेल तितकं लांब ताणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये ग्लॅक्सो या औषध कंपनीच्या खटल्यात सांगितलं. राज्य सरकारच्या नोकराची गोष्ट वेगळी. त्याला 1979 चे वर्तणूक नियम ड्युटीबाहेरही लागू असतात, आणि 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर तो निलंबित झाल्याचं मानलं जातं.

पण हे सगळं पर्मनंट माणसाचं. त्याला आधी चार्जशीट, मग चौकशी, बाजू मांडायची संधी. निलंबित केलं तरी निर्वाह भत्ता, म्हणजे पगाराचा काही भाग, द्यावा लागतो. खरी गंमत ठेकेदाराकडच्या पोरांची होते. त्यांना कुणी 'काढत' नाहीच. सकाळी गेटवर पास चालत नाही, वॉचमन म्हणतो ठेकेदाराला फोन लाव, ठेकेदार फोन उचलत नाही. कंपनी म्हणते तो आमचा कामगारच नव्हता. लोकांना वाटतं आपण न्याय मिळवला. प्रत्यक्षात ज्याच्याकडे अपॉइंटमेंट लेटरसुद्धा नाही, असाच बहुतेक वेळा सापडतो. मालकाच्या घरातल्या कुणी असा प्रकार केला तर त्याचा पास बंद झालेला मी तरी पाहिला नाही.

तेव्हा त्या मुलाला आधी विचारा, तो पर्मनंट आहे की ठेक्यावर. केबिनमध्ये बोलावून 'तुझंच नाव खराब होईल, राजीनामा दे, विषय मिटेल' असं म्हटलं जाईल, तेव्हा सही करू नको म्हणावं. एकदा राजीनामा गेला की पुढे भांडायला फारसं काही उरत नाही. नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्यायचं, पोच घ्यायची. ठेक्यावर असेल तर पीएफचा नंबर, पगार जमा झालेलं पासबुक आणि गेटपासचा फोटो आजच जपून ठेवायला सांगा. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेल्यावर पहिल्यांदा तेच मागतात.

आणि त्या रखवालदाराची जाऊन माफी मागायला सांगा. व्हिडिओ न काढता.