खांद्याचं ऑपरेशन: एकच इंजेक्शन की नळी?

प्रश्न: आईच्या खांद्याचं ऑपरेशन आहे. दुखू नये म्हणून मानेतल्या नसांजवळ एकदाच इंजेक्शन घ्यावं की बारीक नळी ठेवून घ्यावी?

उत्तर: एका इंजेक्शनचा असर साधारण 12 ते 18 तास. घोळ होतो तो पहाटे. असर उतरतो आणि कळ एकदम उसळते. म्हणून बोटांना मुंग्या येताच, दुखायची वाट न बघता, लिहून दिलेली गोळी द्या.

नळीतून पंप 0.2 टक्के रोपिव्हॅकेन (बधिर करणारं औषध) तासाला 5-6 मिली सोडतो, दोन-तीन दिवस निभावतात. सांधा बदलणार असतील तर आमचा कौल नळीला. मात्र मान हलली की ती सरकते. पट्टी ओली आणि दुखणं वाढलेलं, तर आधी तिथेच बघायला सांगा. कानात गुणगुण किंवा ओठ बधिर झाले, तर पंप लगेच थांबवून डॉक्टरांना बोलवा.

फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. या ब्लॉकने, म्हणजे मानेतल्या नसा अशा बधिर केल्याने, त्या बाजूचा श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू) ढिला पडतो, मग इंजेक्शन असो वा नळी.