शुल्त्से म्हणजे जर्मनीतला पाटील: एका आडनावाचे मूळ आणि त्याचा प्रदेश

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कन्येच्या सासरचे आडनाव शुल्त्से, विहीणबाईंचे माहेरचे आडनाव शोल्त्स. एका परिचितांनी सांगितले की 'शूले' म्हणजे शाळा, तेव्हा पूर्वज मास्तर असावेत. दुसऱ्यांनी शब्दकोश उघडून 'शुल्ड' म्हणजे अपराध किंवा कर्ज असे दाखवले आणि आपल्याला विचारात पाडले. यांतले खरे काय, ही दोन आडनावे मुळात एकच आहेत का, आणि ती कोणत्या भागातली, असे आपण विचारले आहे.

शाळेचा या आडनावाशी काहीही संबंध नाही. शब्दकोशवाले मात्र वाटेवर आहेत, फक्त अर्ध्या वाटेवर थांबले. शुल्त्से, शुल्त्स, शुल्टे, शोल्त्स ही सगळी 'शुल्टहाइस' या एका जुन्या हुद्द्याची झिजलेली रूपे आहेत. प्राचीन उच्च जर्मनमधला मूळ शब्द साधारण 'स्कुल्टहाइत्सो' असा होता. त्यातला पहिला भाग 'स्कुल्ड', म्हणजे जे देणे लागते ते: सारा, सेवा, बंधन. अपराध हा अर्थ त्याच शब्दाच्या पोटातला आहे, पण इथे तो अभिप्रेत नाही. दुसऱ्या भागाचे क्रियापद आजच्या जर्मनमध्ये 'हाइसेन' असे आहे. त्याचा जुना अर्थ फर्मावणे. तेव्हा शुल्टहाइस म्हणजे लोकांना आपापले देणे चुकते करायला आणि बांधिलकी पाळायला फर्मावणारा अधिकारी. म्हणजे कर्जदार नव्हे, वसुली करणारा. अपराधी नव्हे, अपराध्याला चावडीवर उभा करणारा.

हुद्दा फार जुना आहे. इटलीत जाऊन राज्य करणाऱ्या लोंबार्ड लोकांच्या राजा रोथारीने 643 मध्ये जे कायदे लिहवून घेतले, त्यांत हा अधिकारी आहे, आणि आठव्या शतकात त्यांचा इतिहास लिहिणाऱ्या पाउलुस डायकोनुसने लॅटिन वाचकासाठी 'त्या जागेचा कारभारी' असा त्याचा खुलासा केला आहे. पुढे जर्मन प्रदेशात कुठे तो नगराचा न्यायाधीश झाला, कुठे सरदाराचा कारभारी आणि बहुतेक ठिकाणी गावचा मुखिया. स्वित्झर्लंडमधील जुन्या बेर्न प्रजासत्ताकात तर राज्याच्या सर्वोच्च पदाचेच नाव शुल्टहाइस होते. मराठी वाचकाला मात्र सगळ्यांत लवकर कळेल असे भाषांतर 'पाटील' हेच. तुलना केवळ कामाची नाही, शब्दाच्या झिजेचीही आहे: 'पट्टकील' झिजत 'पाटील' झाला, तसा 'शुल्टहाइसे' झिजत 'शुल्त्से' झाला.

आता रूपांचा प्रश्न. जर्मन भाषेचा दक्षिणेकडचा आणि मधला पट्टा एका मोठ्या ध्वनिबदलातून गेला, ज्यात जुन्या 'ट'चा बऱ्याच ठिकाणी 'त्स' किंवा 'स' झाला. उत्तरेच्या सपाट मुलखातील निम्न जर्मन बोली त्या बदलाबाहेर राहिल्या. दहा या आकड्याला आजचा जर्मन 'त्सेन' म्हणतो आणि इंग्रज 'टेन' म्हणतो, तो याच बदलामुळे. त्यामुळे दक्षिणेच्या उंच मुलखात जे 'हाइसेन' तेच उत्तरेच्या सखल मुलखात 'हेटेन', आणि जिथे एकीकडे शुल्त्से तिथे दुसरीकडे शुल्टे. शुल्टे हे वायव्येकडचे रूप. वेस्टफालिया, झाउअरलांड आणि रूर खोऱ्यात ते दाट सापडते. तिकडे शुल्टे बहुधा गावाचा नव्हे तर सरदाराच्या मुख्य वाड्याचा कारभारी असे, आणि खालच्या शेतांचा वसूल तो मालकाकडे पोचवी. या भागात आडनाव माणसाचे नसून शेताचे असे म्हणणे अधिक खरे ठरेल: त्या शेतावर लग्न करून आलेला जावईसुद्धा शेताचेच नाव घेई, आणि ही चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. शुल्टे किंवा शुल्त्सेच्या पुढे शेताचे नाव जोडलेली लांबलचक जोडनावे म्युन्स्टरलांडात आजही भेटतात, त्यांचे मूळ इथे आहे.

शोल्त्समधला 'ओ' हा सायलेशियाच्या, म्हणजे आज बहुतांशी पोलंडमध्ये असलेल्या जुन्या जर्मन मुलखाच्या, बोलीचा ठसा. त्या पट्ट्यात 'उ' खाली उतरून 'ओ'सारखा उच्चारला जाई, आणि पाद्री जसे ऐकत तसे लिहीत. आपल्या विहीणबाईंच्या माहेरचे नाव या दृष्टीने बोलके आहे. शेजारच्या लुसाटिया भागात 'शोल्त्से' असेही रूप आहे. 2018 चे फील्ड्स पदक मिळवणारे गणितज्ञ पेटर शोल्त्से यांचा जन्म ड्रेस्डेनचा, म्हणजे त्या टापूपासून फार दूर नाही.

शुल्त्स आणि शुल्त्से यांतला शेवटचा स्वरही भूगोल सांगतो. स्वर टिकवणारे शुल्त्से आजच्या सॅक्सनी-अनहाल्टमध्ये, ब्रांडेनबुर्गच्या दक्षिणेस आणि त्याला लागून असलेल्या सॅक्सनीत गच्च आहेत. मी हाले शहरात नऊ वर्षे काढली. आमच्या जिन्याखालच्या बारा टपालपेट्यांपैकी दोनांवर शुल्त्से लिहिलेले होते, आणि त्या दोन घरांचा परस्परांशी नात्याचा तर सोडाच, बोलण्याचाही संबंध नव्हता. स्वर गळालेले शुल्त्स उत्तर ब्रांडेनबुर्ग, मेक्लेनबुर्ग आणि जुन्या पोमेरेनिया व प्रशियातले. शेवटी नुसत्या 'झेड'ऐवजी 'टी-झेड' लिहिणारे समुद्रकाठाकडे, म्हणजे मेक्लेनबुर्ग आणि श्लेस्विग-होल्श्टाइनकडे, अधिक. न झिजलेले शुल्टहाइस हेसेन आणि फ्रांकोनियात आढळते. मोझेल नदीच्या भागात आणि लक्झेम्बर्गात शोल्टेस, ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला शोल्टेन, नेदरलँड्समध्ये स्खाउटेन. जर्मनीतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांची यादी कोणीही केली तरी शुल्त्स पहिल्या दहांत येतेच.

इथे एक रास्त शंका येते, आणि ती आपल्याकडच्या पाटलांबद्दलही विचारता येते: गावाला मुखिया एकच, मग आडनाव इतके का माजले? आणि माजले ते पूर्वेलाच का? याचे उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वांत रंजक वाटते.

बाराव्या ते चौदाव्या शतकात एल्बे आणि झाले या नद्यांच्या पूर्वेला, जिथे तोवर मुख्यतः स्लाव लोक राहत होते, जर्मन आणि फ्लेमिश (आजच्या उत्तर बेल्जियमकडच्या) शेतकऱ्यांची मोठी वसाहत झाली. उदाहरणार्थ 1159 मध्ये माग्डेबुर्गचा आर्चबिशप विखमान याने हावेल नदीकाठच्या वुस्टरवित्स गावी फ्लेमिश लोकांना वसवले. पुढच्या शतकात सायलेशियाचा पोलिश ड्यूक हेन्री, ज्याला दाढीवाला हेन्री म्हणत, याने तेच धोरण आपल्या मुलखात राबवले. गाव वसवण्याचे काम मालक स्वतः करीत नसे. तो एका कंत्राटदाराला धरी, ज्याला लॅटिन कागदांत 'लोकातोर' म्हटले आहे. हा गृहस्थ पश्चिमेकडून कुटुंबे गोळा करी, जंगल तोडून घेई, जमिनीच्या पट्ट्या मोजून वाटून देई. नव्या कुळांना सुरुवातीची काही वर्षे सारा माफ असे. गाव उभे राहिले की बहुधा तोच तिथला वंशपरंपरागत शुल्टहाइस होई. त्याच्या वाट्याला काही पट्ट्या बिनसाऱ्याच्या येत, गावच्या न्यायसभेत वसूल होणाऱ्या दंडाचा तिसरा हिस्सा मिळे आणि अनेकदा गिरणी चालवण्याचा किंवा दारूचा गुत्ता घालण्याचा हक्कही मिळे. इनाम जमीन, हक्क, मानपान आणि बापानंतर मुलगा: पाटीलकी वतनाची कल्पना ज्याला आहे त्याला यातले काही नवीन वाटणार नाही.

म्हणजे पूर्वेकडे शेकडो नवी गावे जवळजवळ एकाच साच्यातून निघाली, प्रत्येकात हे एक वतनदार घर होते, आणि नेमक्या त्याच काळात आणि त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत खेड्यांतली आडनावे स्थिर होत होती. वतन एका मुलाकडे गेले तरी आडनाव सगळ्या मुलांकडे गेले. शिवाय शुल्त्सेच्या शेतावर कामाला असलेला गडीही कधीकधी त्याच नावाने ओळखला जाई. म्हणून दोन शुल्त्से भेटले की ते भाऊबंद असतील असे समजू नये, आणि पूर्वज नक्कीच मुखिया होता असेही छातीठोकपणे सांगू नये.

हेच आडनाव काही भागांत विरळ का, याचेही कारण सरळ आहे: तिथे मुखियाला दुसरा शब्द होता. सॅक्सनीच्या बऱ्याच भागांत त्याला रिख्टर म्हणत, आणि तिथे आज रिख्टर आडनावाची दाटी आहे. उत्तरेत बाउअरमाइस्टर व बुरमाइस्टर, हेसेनमध्ये ग्रेबे, थुरिंगियात हाइमब्युर्गे, आलेमान प्रदेशात, म्हणजे नैर्ऋत्य जर्मनी आणि स्वित्झर्लंडकडे, आमान. ही सगळी आडनावे नकाशावर शेजारी शेजारी मांडली तर मध्ययुगातल्या गावकीच्या कारभाराचाच नकाशा तयार होतो. माझ्या मते आडनावांच्या अभ्यासातली गंमत एकेका नावाच्या अर्थापेक्षा इथे अधिक आहे.

या शब्दाने सीमाही ओलांडल्या. पोलिशमध्ये तो 'सोव्तिस' झाला, स्लोव्हाकमध्ये 'शोल्तेस', हंगेरियनमध्ये 'शोल्तेस'च पण लेखन वेगळे. चेक लोकांत शुल्त्स आणि शोल्त्स ही आडनावे आहेतच. विद्वानांना जर्मन नाव गावंढळ वाटू लागले तेव्हा त्यांनी त्याचे लॅटिन करून टाकले: ग्योर्लित्सचा गणिती आणि नगराध्यक्ष बार्थोलोमेउस स्कुल्टेटुस (1540–1614) हा त्यातलाच, आणि संगीतकार मिखाएल प्रेटोरियुस याचे घराणेही मुळात शुल्टहाइस, कारण लॅटिनमध्ये न्याय देणाऱ्या अधिकाऱ्याला 'प्रेटोर' म्हणत. तेव्हा वंशावळीत मध्येच प्रेटोरियुस आला तर घराणे बदलले असे समजू नका. दुसऱ्या बाजूला, नावावरून वंश किंवा धर्म ठरवण्याचा मोहही टाळावा. ऑस्ट्रियावर राज्य करणारा सम्राट दुसरा योजेफ याने 1787 मध्ये आपल्या राज्यातील ज्यूंना जर्मन आडनावे घेणे सक्तीचे केले, आणि द्रोहोबिचचा पोलिश भाषेत लिहिणारा ज्यू लेखक ब्रुनो शुल्त्स याच प्रदेशातला. न्यूयॉर्कचा कुप्रसिद्ध गुंड डच शुल्त्स तर डचही नव्हता आणि शुल्त्सही नव्हता. त्याचे खरे आडनाव फ्लेगेनहाइमर होते.

शुल्त्से नावाशी महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे, तो सांगण्याचा मोह आवरत नाही. 1848 च्या प्रशियाच्या राष्ट्रीय सभेत हेरमान शुल्त्से नावाचे प्रतिनिधी निवडून गेले. सभागृहात शुल्त्से इतके झाले की ओळख पटावी म्हणून त्यांच्या नावाला त्यांच्या गावाचे, म्हणजे लाइप्त्सिगच्या उत्तरेला असलेल्या डेलिच या नगराचे नाव जोडले गेले, आणि पुढे ते कायमचे शुल्त्से-डेलिच झाले. याच गृहस्थांनी 1850 मध्ये कारागिरांसाठी पतसंस्थेचा नमुना घालून दिला. भारतात 1904 चा सहकारी पतसंस्था कायदा आला तेव्हा ग्रामीण संस्थांसाठी जर्मनीतलेच दुसरे सहकार-प्रवर्तक राइफआयझेन यांचा आणि नागरी संस्थांसाठी शुल्त्से-डेलिच यांचा नमुना समोर होता. आपल्या शहरांतल्या नागरी सहकारी बँकांची कुळकथा अशी एका आडनावांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या शुल्त्सेपर्यंत पोचते.

हुद्दा मात्र जर्मनीतून गेला. प्रशियाच्या पूर्व प्रांतांत 1872 च्या कायद्याने वंशपरंपरागत शुल्त्सेपद संपवले, आणि वुर्टेम्बेर्गमध्ये शुल्टहाइस ही पदवी 1930 मध्ये बदलून नगराध्यक्षाचा सर्वसाधारण शब्द आला, जरी श्वाबेन भागातले म्हातारे आपल्या नगराध्यक्षाला अजून 'शुल्टेस' म्हणतात. महाराष्ट्रात 1962 च्या कायद्याने मुलकी पाटील हे पद गेले आणि आडनाव राहिले, तसेच.

आता आपल्या दोन घरांविषयी. दोन्ही आडनावांचा शब्द एक आहे, पण त्यावरून घराणी एक ठरत नाहीत. शुल्त्से घर बहुधा मध्य जर्मनीतले असेल. शोल्त्स घर सायलेशियाकडचे असण्याचा संभव बराच आहे, पण आजच्या वास्तव्यावरून त्याचा पत्ता लागणार नाही, कारण 1945 नंतर सायलेशियातल्या लाखो जर्मनांना तो मुलूख सोडावा लागला आणि शोल्त्स हे नाव सगळ्या जर्मनीभर पसरले. माजी चान्सलर ओलाफ शोल्त्स यांचा जन्म ओस्नाब्र्युकचा आणि बालपण हाम्बुर्गचे, म्हणजे दोन्ही सायलेशियापासून दूर. म्हणून विहीणबाईंना आडनावाविषयी विचारण्याऐवजी आजी-आजोबांचे जन्मगाव विचारा.

जुनी कागदपत्रे पाहण्याची वेळ आली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सरकारी जन्म-मृत्यू नोंदी साऱ्या साम्राज्यात 1876 पासून सुरू झाल्या. त्याआधी चर्चच्या वह्या, आणि त्यांत एकाच माणसाचे नाव बाप्तिस्म्याला शोल्त्स, लग्नाला शुल्त्स आणि मृत्यूला शोल्त्से असे सापडले तर तो पाद्रीबुवांच्या कानाचा आणि सवयीचा भाग आहे. स्त्रियांच्या आडनावाला जुन्या वह्यांत 'इन' हा प्रत्यय लागतो, तेव्हा 'शुल्त्सिन' हे निराळे आडनाव नाही, शुल्त्स घरातली बाई आहे.

गाव सायलेशियातले निघाले तर त्याचे आजचे पोलिश नावही मिळवा आणि जमल्यास तिथे जाऊन या. जर्मनीने टाकून दिलेला हुद्दा पोलंडने ठेवला आहे: खेड्याचा निवडून आलेला मुखिया तिथे आजही सोव्तिस म्हणवतो, अनेकदा ती बाई असते, आणि त्या घरावर तसा फलक लावलेला असतो. विहीणबाईंना त्या फलकाखाली उभे करून फोटो काढा. माहेरचे आडनाव त्यांना तिथे पोलिश लेखनात वाचायला मिळेल.