साथीतले मृत्यू दोनदा मोजले जात नाहीत ना, ते आधी पाहा

प्राणिसंख्येचे मॉडेल एकटे चालवले तर कळप टिकतो, साथीच्या मॉडेलमध्ये साथ ओसरते, पण दोन्ही जोडली की जवळजवळ प्रत्येक फेरीत कळप नामशेष होतो, असे आपण लिहिले आहे. याच कोड्यात मी दोन वर्षे अडकलो होतो. व्होर्टेक्स (प्राणिसंख्येचे मॉडेल चालवणारी संगणकप्रणाली) आणि आउटब्रेक (साथीचे मॉडेल चालवणारी) एकमेकांना कसे जोडायचे, हे आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून ते सोडून देतो.

माझी चूक ‘मृत्युदर’ या शब्दात दडली होती. परिसंस्थेचा अभ्यासक तो वर्षभरात सर्व कारणांनी मेलेल्या प्राण्यांवरून काढतो, पशुवैद्य आजारी पडलेल्यांपैकी किती दगावले ते सांगतो, आणि बैठकीत दोघेही एकमेकांच्या आकड्याला मान डोलावतात. मी रेडिओ कॉलरच्या (प्राण्याचा माग ठेवणाऱ्या गळपट्ट्याच्या) नोंदींवरून काढलेला सर्व कारणांचा दर वापरला. त्या नोंदींत साथीची वर्षेही होती, आणि साथीच्या मॉडेलने त्याच प्राण्यांना पुन्हा मारले. टांझानियातल्या सेरेंगेटीत १९९४ मध्ये डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाने सुमारे एक-तृतीयांश सिंह दगावले. असे एखादे वर्ष सरासरीत मुरले, की साथ आधीच हिशेबात आलेली असते.

मृत्यूची कारणे एका कार्यालयाकडे मागितली, तेव्हा तीन पत्रांनंतर केवळ वार्षिक बेरजांचा तक्ता हाती आला आणि ‘कारणनिहाय माहिती उपलब्ध नाही’ असे कळवण्यात आले. पुढे मूळ नोंदवही चाळायला मिळाली, तर प्रत्येक मृत प्राण्यापुढे कारणाचा रकाना पेन्सिलीने भरलेला होता. तक्ता करताना तेवढाच गाळला होता! तेव्हा तक्त्यावर न थांबता वहीच मागा.

संसर्ग शून्य ठेवून जोडलेले मॉडेल एकट्या मॉडेलशी ताडून पाहावे, पण त्यावर विसंबू नये; साथच नसली की दुहेरी मोजणी दिसत नाही, म्हणून माझे जुळले होते आणि मी निर्धास्त झालो. खरी कसोटी साथ सुरू ठेवून घ्यावी : नोंदींच्या काळाइतकी वर्षे चालवल्यावर एकूण मृत्यू कॉलरवरून काढलेल्या दराच्या जवळपास यायला हवेत. वार्षिक दर ३६५ ने भागून रोज लावत असाल तर तेही थांबवा, कारण तो रोज उरलेल्या प्राण्यांनाच लागतो आणि ३० टक्क्यांचे वर्षअखेरीस २६ टक्केच होतात, आणि ही उलट दिशेची चूक पहिलीला झाकते.

माझा अनुभव मांसभक्षकांपुरता आणि एकाच रोगापुरता आहे. साथीत मेलेले काही प्राणी एरवीही मेलेच असते, त्यामुळे एकूण दरातून साथीतल्या मृत्यूंची नुसती वजाबाकी करूनही भागत नाही. मात्र हा हिशेब जुळेपर्यंत अधिवासाचे तिसरे मॉडेल जोडू नका, वरिष्ठांनी कितीही आग्रह धरला तरी.