शंभरपर्यंत म्हणतो, पण चार साबण मोजता येत नाहीत!

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. एक ते शंभर घडाघडा म्हणतो, पण परवा दुकानात चार साबण घे म्हटलं तर हातात मावतील तेवढे घेऊन आला आणि मोज म्हटल्यावर एकच साबण दोनदा मोजला. जाम टेन्शन आलंय. खरेदीला नेऊन गणित शिकवतात म्हणे, ते नेमकं कसं?

उत्तर : टेन्शन घेऊच नका, या वयात असं होतंच. शंभरपर्यंत म्हणणं हे पाठांतर, बडबडगीतासारखं. मोजायचं म्हटलं की एका वस्तूला एकच आकडा, एकही वस्तू सुटता कामा नये आणि शेवटी जो आकडा आला तेवढ्या एकूण वस्तू, हे सगळं एकदम सांभाळायचं असतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्याचे हे नियम मांडले. त्यातलं ते शेवटचं पोरांना पटकन उमगत नाही, चारपर्यंत नीट मोजतात आणि "मग किती झाले?" विचारलं की परत एकपासून सुरू!

म्हणून "किती आहेत?" विचारण्यापेक्षा "आणून दे" म्हणा. आधी दोन, मग तीन, जमलं की चार. एकेक साबण पिशवीत टाकत त्यानेच आकडा म्हणायचा, पिशवीत गेलेला परत मोजला जात नाही ना! आणि आकड्याला कारण द्या, "घरात आपण चौघं, प्रत्येकाला एक ब्रश, मग किती घ्यायचे?" तीनच घेतले तर घेऊ द्या हो, घरी वाटताना एकाला कमी पडला की त्याचं त्यालाच कळतं, ते आपल्या दहा वेळा सांगण्यापेक्षा पक्कं बसतं.

तेच चार साबण लांब लांब मांडले की जास्त झाले असं तो म्हणेल. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवलं होतं, सहा-सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांना तसं वाटतं, तेव्हा वाद घालू नका. दोन्ही हातांत दोन पुडे देऊन जड कुठला विचारा, मोठा पुडा हलका निघाला की पोरं चकित होतात.

पैशांची मात्र घाई नको. पाचाचं नाणं हातात एकच दिसतं, त्यात पाच कुठे दिसतात त्याला?

आणि बिलाच्या रांगेत चारचौघांसमोर परीक्षा नको, प्लीज. त्या दिवशी नाही म्हणाला तर नुसती पिशवी धरू दे.