मलेशियन सालाची चौकट आणि जंगलाचा जमाखर्च

प्रश्न : मी सुतार आहे. दारांना बहुतेक मलेशियन सालाच्या चौकटी करतो. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "जंगल साफ करून आणलेलं लाकूड ना हे?" वखारवाला म्हणतो, तिकडे आता झाडं मोजून, जपून पाडतात. असं जपणं धंद्याला परवडतं का?
– एक सुतारकाम करणारे वाचक, इचलकरंजी

उत्तर : माझी हयात रे रोडच्या लाकूडबाजारात गेली, त्यामुळे नफ्यातोट्याचंच बोलतो. जपून पाडणं परवडतं. पाडून झाल्यावर थांबणं परवडत नाही.

बेताल तोडीत करवतवाला दिसेल ते मोठं झाड पाडून पुढे जातो. मागून बुलडोझरवाला नकाशाशिवाय ओंडके हुडकत फिरतो. डिझेल जळतं, कोवळी झाडं चिरडतात, काही ओंडके सापडतच नाहीत, तिथंच कुजतात. मजुरी घनमीटरवर असली की जपणार कोण? जपून करायच्या तोडीत आधी कापायच्या प्रत्येक झाडाला नंबर घालतात, ओंडके ओढायच्या वाटा आखतात. वेली काही महिने आधीच तोडून ठेवतात. वर शेंडे वेलींनी बांधलेले असले की एक झाड पडताना शेजारची चार घेऊन पडतं.

या सगळ्याला पैसे लागतात, कबूल. तरीही ब्राझीलच्या पारा राज्यात, पारागोमिनास भागात दोन्ही पद्धतींचा खर्च ताडून पाहिला (आकडे 2002 साली छापून आले), तेव्हा जपून केलेली तोड घनमीटरमागे सुमारे 12 टक्क्यांनी स्वस्त पडली. यंत्राचे तास आणि वाया जाणारं लाकूड, बचत इथली.

तुमचा माल मात्र येतो मलेशियाकडून, आणि तिथं बोर्निओच्या साबा राज्यात डोंगरउतार फार. खडा चढ आणि ओढ्याकाठ सोडायचा म्हटलं की मालच कमी निघतो. तिथल्या हिशेबात जपून तोडणाऱ्याचा नफा घटलेला दिसला.

आता थांबण्याचं. एकदा तोडलेला तुकडा पुन्हा हाती धरायला ब्राझीलमध्ये यंत्राच्या तोडीनंतर 25 ते 35 वर्षं जावी लागतात. समजा, 1 लाखाचं लाकूड उभं ठेवलंत आणि ते वर्षाला 2 टक्क्यांनी वाढलं, भाव तोच राहिला. 30 वर्षांनी झाले 1 लाख 81 हजार. तेच पैसे 8 टक्के व्याजानं ठेवले तर 10 लाखांच्या वर. मुनीम काय सांगेल? त्यात ठेका आधीच संपणार असेल, तर पुढच्या झाडांशी ठेकेदाराचं देणंघेणंच नाही. म्हणून स्वस्त पडूनही जपणूक सगळीकडे पसरली नाही, असं माझं मत.

साबातलंच देरामाकोटचं जंगल पाहा. सुमारे 55 हजार हेक्टर, 1997 पासून एफएससीचं (जंगल जपून वापरलं जातं का हे तपासणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था) प्रमाणपत्र. कारभार थेट तिथल्या वनखात्याचा, आणि माझ्या मते ते टिकलं ते त्यामुळेच. सरकारला वाट पाहता येते, ठेकेदाराला नाही.

वखारवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. 'मलेशियन साल' या एका नावाखाली तिकडची निरनिराळी लाकडं खपतात. कोणतं लाकूड, कुठल्या जंगलातलं, हे विचारा. प्रमाणित म्हणत असेल तर बिलावर प्रमाणपत्राचा नंबर मागा आणि एफएससीच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. नंबर देत नसेल, तर गिऱ्हाइकाला तसंच सांगून टाका.