फ्रान्सच्या कालव्यांसाठी राहती नौका निवडताना

आपण आतली सजावट पाहण्याआधी नौकेची पाण्यावरची उंची मोजावी, असे मी सुचवीन. फ्रेसिने या फ्रेंच प्रमाण मापाच्या लॉकमधून (पाण्याची पातळी वर-खाली करून नौका पुढे नेणाऱ्या दरवाजांच्या कोठीतून) सुमारे ३८.५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद नौका जाते, त्यामुळे लांबी-रुंदीची अडचण सहसा येत नाही. मात्र निव्हर्ने कालव्याच्या काही भागात पुलाखाली जेमतेम २.७ मीटर उंची मिळते, आणि मिदी कालव्यावरील जुन्या कमानी कडेला उतरत्या असल्याने उंच केबिनचे कोपरे घासतात. लांबी २० मीटरच्या आत असल्यास परवान्याचा व्यापही कमी होतो. डच बनावटीची जुनी पोलादी नौका मला सर्वांत भरवशाची वाटते, परंतु ती पाण्याबाहेर काढून तळाच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घेतल्याशिवाय व्यवहार पक्का करू नये. तळाला ताजा रंग दिसला, तर अधिकच बारकाईने पाहावे.