रस्त्यावर पळते, थांबली की आचके देते

जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी इंजेक्शनची पेट्रोल पिकअप वीस वर्षांहून जुनी आहे. रस्त्यावर उत्तम पळते, पण थांबलं की आरपीएमचा काटा ५०० ते १,१०० मध्ये वरखाली होत राहतो आणि कधीकधी गाडी बंदच पडते. प्लग, एअर फिल्टर, फ्यूएल फिल्टर बदलून झाले. मेकॅनिकने थ्रॉटलचा स्क्रू आवळून रेस वाढवून दिली, पण दोन दिवसांत पुन्हा तेच. आता तो इसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदला म्हणतोय. बदलू का?

उत्तर : इसीएमला तूर्त हात लावू नका. तो बिघडला असता, तर बहुधा रस्त्यावरही त्रास झाला असता. आधी तो स्क्रू मूळ जागी आणून घ्या. थ्रॉटलची झडप बंद होताना घशात रुतू नये म्हणून तो असतो. आयडलिंग, म्हणजे थांबलेल्या गाडीतला इंजिनाचा वेग, लावण्यासाठी तो दिलेलाच नाही. तो आवळला की झडप किंचित उघडी राहते. मग बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल पोझिशन सेन्सर ‘पाय अजून ॲक्सिलरेटरवर आहे’ असं सांगू लागतो आणि कॉम्प्युटर आयडलिंग सांभाळायचं सोडून देतो. कार्बोरेटरच्या काळातली ही सवय इंजेक्शनच्या गाड्यांवर चालवणारे अजून भेटतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. मूळ दोष झाकला जातो आणि पुढच्या माणसाला एकाऐवजी दोन दोष शोधावे लागतात.

काटा असा झुलत असेल, तर माझा पहिला संशय चोरवाटेने आत शिरणाऱ्या हवेवर. थांबलेल्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिनाला हवा अगदी थोडी लागते आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोराचा असतो. अशा वेळी एखाद्या होजला पडलेली बारीक चीरसुद्धा हिशोब बिघडवते. वेगात थ्रॉटल उघडतो, व्हॅक्यूम उतरतो, थ्रॉटलमधून भरपूर हवा येते आणि त्या चिरेतून येणारी हवा जाणवतही नाही. ‘पळताना उत्तम, थांबल्यावर त्रास’ या तुमच्या तक्रारीशी हे अगदी जुळतं.

गाडीत हवेचा सेन्सर कुठला आहे तेही बघा. एअर फिल्टरच्या पुढे पाइपात, आत येणारी हवा मोजणारा एमएएफ असेल, तर त्याच्यामागून शिरलेली हवा त्याला कळतच नाही. पेट्रोल कमी पडतं, इंजिन अडखळतं. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी असेल, तर त्याला वाढलेला दाब कळतो आणि कॉम्प्युटर पेट्रोलही वाढवतो. मग आयडलिंग चढतं, ते उतरवायला कॉम्प्युटर धडपडतो आणि काटा झुलायला लागतो.

शोध इंजिन गार असताना सुरू करा. मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि कडक झालेलं रबर गारव्यात आक्रसतं आणि गरम झाल्यावर पुष्कळदा फट मिटते. प्रत्येक व्हॅक्यूम होज बोटांनी चाचपा, विशेषतः वळणावर आणि खालच्या बाजूने. वरून धडधाकट दिसणारा होज तेल लागून लागून खालून फुगलेला, चिरलेला असतो. इंजिन चालू ठेवून सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. गळतीवर पाणी पडलं की क्षणभर आवाज बदलतो. कॉइल आणि प्लगच्या वायरींवर पाणी जाऊ देऊ नका, आणि पंखा-पट्ट्यापासून हात व बाह्या लांब ठेवा. काही जण पाण्याऐवजी कार्ब क्लीनर फवारतात. तो ज्वालाग्राही असतो आणि शेजारी एक्झॉस्ट तापलेला असतो, म्हणून मी ते कुणालाच सुचवत नाही. धूर सोडून तपासायचं यंत्र कुठे मिळालं तर उत्तमच.

ब्रेक दाबायला व्हॅक्यूमची मदत देणाऱ्या बूस्टरकडे जाणारा जाड होज सगळे विसरतात. पक्कडीच्या जबड्यांना फडकं गुंडाळून तो हलकेच चिमटा. आयडलिंग ताळ्यावर आलं, तर बूस्टरचा पडदा फाटलाय असं समजा. ब्रेक दाबताना फुस्स आवाज येतो का, पेडल कडक लागतं का, तेही बघा. हा दोष आयडलिंगपुरता राहत नाही, तेव्हा तो सापडला तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका. इंजिनाच्या पोटातले वायू मॅनिफोल्डमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवा. बहुतेक गाड्यांत तो खुळखुळायला हवा, आणि चालू इंजिनावर त्याच्या तोंडाशी अंगठा धरला तर ओढ जाणवायला हवी.

हवा कुठूनच शिरत नसेल, तर थ्रॉटल बॉडी आणि आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह उघडा. बंद थ्रॉटलला वळसा घालून मोजकी हवा सोडायचं काम हा व्हॉल्व्ह करतो, आणि जुन्या गाडीत त्याच्या वाटेत कार्बन साचलेला असतो. थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. व्हॉल्व्हची सुई बोटाने आत दाबू नका, स्टेपर मोटरचे दाते जातात. काही थ्रॉटलवर कंपनीचा लेप असतो, तिथे घासाघीस नको. सफाईनंतर कॉम्प्युटरला आयडलिंग नव्याने शिकवावं लागतं. त्याची रीत गाडीगणिक वेगळी असते, ती तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा. एक्झॉस्टचा थोडा धूर इंजिनात परत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा राहिला, तरी अशीच लक्षणं दिसतात. व्हॉल्व्हच्या सीटवर कार्बनचा कण अडकला तरी पुरतं.

एक साधन मात्र जवळ ठेवाच : व्हॅक्यूम गेज. समुद्रसपाटीला, गरम झालेल्या निरोगी इंजिनावर काटा साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतो आणि स्थिर राहतो. उंचावर दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा धरा. काटा स्थिर पण खाली असेल, तर हवेची गळती किंवा मागे पडलेलं इग्निशन टायमिंग. ठरावीक तालाने झटका मारत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह जळालाय किंवा नीट बसत नाहीये. अशा इंजिनाचं आधी कॉम्प्रेशन तपासा. बाकीचे पार्ट बदलून काही होणार नाही.

गाडीला स्कॅनर जोडता येत असेल, तर फ्यूएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर मूळ हिशोबापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल देतोय तो आकडा, वाचा. थांबलेल्या गाडीत तो दहा टक्क्यांहून वर आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ उतरत असेल, तर तुम्ही गळतीच्याच मागावर आहात. रेस वाढवल्यावर ट्रिमही वाढला, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा मळलेला एमएएफ पाहा.

प्रश्न : जुनी डिझेल पिकअप, मेकॅनिकल पंपाची. फिल्टर बदलल्यापासून आयडलिंग डुलतं. पंप उघडायला सांगतायत.

उत्तर : पंप उघडू देऊ नका. तक्रार फिल्टर बदलल्यावर सुरू झाली, म्हणजे बहुधा लाइनमध्ये हवा आहे. फिल्टरची रबरी रिंग दुमडली नाही ना, जुनी रिंग तिथेच चिकटून नवी तिच्यावर बसली नाही ना, ते आधी बघा. मग पंपाआधी पारदर्शक पाइपचा तुकडा जोडा. बुडबुडे दिसले, तर टाकीपासून पंपापर्यंतचा एकेक सांधा तपासा. टाकी ते पंप ही बाजू बऱ्याचदा ओढीवर चालते, त्यामुळे डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. सांधा कोरडा दिसतोय म्हणून तो सोडू नका. दोष सापडला की हातपंपाने हवा काढा. एवढं करूनही एखादं सिलिंडर मार खात असेल, तर डिझेल फवारणाऱ्या नोझलची तपासणी टेस्ट बेंचवर करून घ्या. फवाऱ्यापुढे हात कधीच नेऊ नका, तो कातडी भेदून आत जातो.

प्रश्न : आरपीएम स्थिर ७५० आहे, तरी ड्राइव्हला टाकून ब्रेकवर थांबलं की अख्खी केबिन थरथरते. ट्यूनिंग करून झालं.

उत्तर : इंजिन माउंटिंग बघा. हॅंडब्रेक ओढा, चाकांना अडण्या लावा, गाडीसमोर कुणालाही उभं करू नका. ब्रेक दाबून धरून ड्राइव्ह आणि रिव्हर्स टाकायला एकाला सांगा आणि बाजूने इंजिन किती उचलतं ते पाहा. एकीकडे जास्त उडी मारत असेल, तर तिथलं रबर फाटलंय. बदलताना दोन्ही बाजूंचं बदला आणि गिअरबॉक्सखालचंही तपासा.